टेपला पत्ता लागू न देता

आमच्या वॅगन आरमधला टेप दोनच गोष्टी ओळखतो. कॅसेट आणि रेडिओ. २००४ साली बाबांनी गाडी घेतली तेव्हा डॅशबोर्डच्या मधोमध नुसती खोबण होती, तिच्यावर प्लास्टिकचं झाकण आणि मागे वायरींचा गुच्छ. खालच्या मॉडेलला कंपनीकडून टेप येत नसे. गाडी शोरूममधून निघाली की आधी देवळात, नारळ फुटला की टेप बसवायला, असा तेव्हाचा क्रम. पुण्यात टेप बसवायला म्हणजे बहुतेक वेळा नाना पेठेत. बाबांनी तिथे भरपूर घासाघीस करून कॅसेटचा डेक घेतला. सीडीचा घ्या, असं दुकानदार आणि मी दोघंही सांगत होतो. पण घरात खोकी भरून कॅसेट होत्या, आणि 'त्या तबकडीला चरा पडला की संपली' हे त्यांचं मत पक्कं होतं. आज आमच्या घरात सीडी लावायला एकही यंत्र उरलेलं नाही, त्यामुळे तो वाद आपोआप मिटला.

गाडीची पंधरा वर्षं झाल्यावर पुन्हा पासिंग केलं, पाच वर्षांनी आणखी एकदा केलं, पर्यावरण कर भरला. इंजिन ठणठणीत आहे. तरी गाडीत बसणारा प्रत्येक जण डॅशबोर्डकडे बघतो आणि म्हणतो, "हे काढून टाक की रे. पाच-सहा हजारांत अँड्रॉइडचा स्क्रीन बसतो." बसतो, मला माहीत आहे. या खोबणीचं माप कधीच ठरून गेलंय, १८० बाय ५० मिलिमीटर. ते जर्मनीच्या डिन मानकातून आलं म्हणून दुकानदार त्याला 'सिंगल डिन' म्हणतात आणि दुप्पट उंचीच्या खोबणीला 'डबल डिन'. त्यामुळे कुठल्याही गाडीत कुठलाही डेक थोड्याफार खटपटीने जातोच. पण मला स्क्रीन नको आहे. एक खिशात आहे, तेवढा पुरे. फोनमधलं गाणं याच डेकमधून, दारांतल्या याच स्पीकरमधून यावं, आणि डेकला त्याचा पत्ता लागू नये, एवढंच मला हवं आहे.

पत्ता लागू नये, असं मुद्दाम म्हणतोय. जुन्या स्टिरिओला फोन सरळ जोडता येत नाही, कारण फोन नावाची वस्तू त्याच्या जगात नाही. त्याला जे समजतं त्याचं सोंग फोनला घ्यावं लागतं. कधी कॅसेटचं, कधी रेडिओ केंद्राचं, कधी पेनड्राइव्हचं. ही सगळी सोंगं मी आमच्या आणि नातेवाइकांच्या गाड्यांत जवळून पाहिली आहेत, आणि प्रत्येक सोंगाची काहीतरी किंमत मोजावी लागते हेही पाहिलं आहे.

यातलं कॅसेटचं सोंग मला सगळ्यांत देखणं वाटतं. वस्तू दिसते हुबेहूब कॅसेट, फक्त एका कोपऱ्यातून वायर निघते आणि वायरीच्या टोकाला ३.५ मिलिमीटरची पिन. मला ती तपकीर गल्लीत मिळाली. दुकानदाराने सगळ्यांत वरच्या फळीवरून काढली, शर्टाच्या बाहीने पुसली आणि 'परत घेणार नाही' असं आधीच सांगून हातात ठेवली. घरी आल्यावर मी पहिल्यांदा तिचे स्क्रू काढले. आत फीत नाही. दोन मोठी दातेरी चाकं, त्यांना एकमेकांशी जोडणारी छोटी चाकं, आणि खऱ्या कॅसेटमध्ये जिथे फीत हेडला घासत जाते, बरोबर त्या जागी स्प्रिंगवर बसवलेलं एक चिमुकलं हेड. त्याला केसासारख्या वायरी सोल्डर केलेल्या. बाकी सगळी पोकळी.

खऱ्या कॅसेटची फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने सरकते. तिच्यावर गाणं चुंबकाच्या चढउतारांच्या रूपात नोंदलेलं असतं. फीत पुढे गेली की हे चुंबकत्व बदलत जातं आणि डेकच्या हेडमधल्या वेटोळ्यात अगदी बारीक प्रवाह उठतो. नकली कॅसेटमधलं हेड फितीला मधून काढूनच टाकतं. फोनमधून आलेला प्रवाह ते थेट बदलत्या चुंबकत्वात फिरवतं आणि समोर टेकलेलं डेकचं हेड ते झेलतं. दोन हेड समोरासमोर, एक देणारं, एक घेणारं. १९६३ साली फिलिप्सने बर्लिनच्या प्रदर्शनात कॅसेट आणली आणि पुढे सगळ्या जगाने तेच माप पाळलं, म्हणून ही नकली कॅसेट कुणाच्याही डेकमध्ये जाते.

फीतच नाही तर चाकं कशाला, हा प्रश्न मलाही पडला होता. ती डेकच्या समाधानासाठी. डेक सतत चाचपत असतो की चक्री फिरतेय की नाही. फिरायची थांबली तर फीत संपली असं समजून तो बाजू उलटतो, नाहीतर कॅसेट बाहेर ढकलतो. म्हणून आत काहीही गुंडाळायचं नसताना चाकं फिरत ठेवायची. ती सुकली की चर्र चर्र सुरू होतं, आणि तंबोऱ्यावर नुसता षड्ज लागलेला असेल तर गाण्यापेक्षा चाकच जास्त ऐकू येतं. शिलाई मशीनच्या तेलाचा अर्धा थेंब सुईच्या टोकाने आसावर सोडायचा. जास्त नको, हेडवर ओघळलं की सगळं गढूळ. डेकवर डॉल्बीचं, म्हणजे फितीची खरखर दाबणारं, बटण असेल तर ते बंद ठेवायचं, नाहीतर वरचे स्वर खाऊन टाकतं. आवाज थोडा बोथट येतो हे मान्य. पण शंभरच्या वेगाने, खिडकीच्या रबरातून वारा शिट्ट्या घालत असताना, वॅगन आरमध्ये आवाजाच्या बारकाव्यांवर चर्चा करणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

या नकली कॅसेटने एक गोष्ट मात्र बदलली. कॅसेटच्या एका बाजूला तीस मिनिटं, फार तर पंचेचाळीस. ख्याल ऐकणाऱ्यांची त्यात कायम गोची व्हायची. विलंबित रंगात येतंय, आता द्रुतकडे वळणार, आणि खट्! बाजू उलटली. आमच्या पिढीला काही राग त्या खट्सकट पाठ आहेत. तेच ध्वनिमुद्रण आज फोनवर अखंड ऐकलं तरी त्या जागेवर कान दचकतो. नकली कॅसेट संपतच नाही. दोन तासांची मैफल पुणे सोडताना लावावी, साताऱ्याच्या पुढे भैरवी यावी. भीमसेन जोशींना गाड्यांचं भारी वेड होतं आणि त्यांच्या यंत्राचीही चांगली जाण होती. लांबलांबच्या मैफलींना ते स्वतः गाडी हाकत जायचे. त्यांच्या गाडीत टेप चालू असायचा की नुसतं इंजिन, हा प्रश्न मला खंबाटकी चढताना हमखास पडतो.

रेडिओ केंद्राचं सोंग आपल्याकडे सर्वाधिक चालतं. सिगारेट लायटरच्या सॉकेटात खुपसायचं एक बोंडूक, त्यावर आकड्यांचा छोटा दिवा. फोन त्याला ब्लूटूथने गाणं देतो, ते गाणं हे बोंडूक एफएमवर सोडतं आणि गाडीचा रेडिओ ते पकडतो. म्हणजे आपण आपल्या गाडीपुरतं एक आकाशवाणी केंद्र चालवायचं. तीन-चारशे रुपयांत काम होतं, काही उघडावं लागत नाही, कापावं लागत नाही. टेम्पोत, काळ्या-पिवळ्या जीपमध्ये, भाजीच्या पिकअपमध्ये हेच दिसतं.

पण हवेत जागा शोधावी लागते. एफएमचा पट्टा ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ. पुण्यात ९१.१, ९३.५, ९४.३, ९५, ९८.३ वर खासगी केंद्रं बसलेली, १०१ वर विविध भारती. त्यांच्या मधल्या फटीत आपलं बोंडूक लावायचं. अगदी शेजारचा आकडा धरला तर केंद्राची घरघर आत येते, म्हणून दोन्ही बाजूंनी ऐसपैस जागा बघायची. एवढं करून पुण्यात मोकळी असलेली जागा कोल्हापुरात मोकळी असेलच असं नाही. काही आकडे दोन्हीकडे भरलेले. ९४.३ वर पुण्यात एक केंद्र, कोल्हापुरात दुसरंच. कात्रजचा बोगदा ओलांडला की पुण्याची केंद्रं विरत जातात आणि साताऱ्यापर्यंत आपलं बोंडूक राजा असतं. कोल्हापूर जवळ आलं की गादी सोडावी लागते.

यात एफएमचा एक स्वभावही आड येतो. मिडियम वेव्हवर, म्हणजे पुणे आकाशवाणीच्या ७९२ किलोहर्ट्झवर वगैरे, दोन केंद्रं एकमेकांवर आली तर दोन्ही एकदम ऐकू येतात, बातम्यांच्या मागे कुणाचं तरी भजन. एफएमवर असं सहजी होत नाही. जो सिग्नल जोरदार, त्यालाच रिसीव्हर धरतो आणि दुसऱ्याला जवळजवळ पुसून टाकतो. हे पुस्तकात वाचलेलं होतं, प्रत्यक्ष कळलं खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर. फास्टॅगच्या आधीची गोष्ट, रांग लांबलचक. गाडीत अभंग चालू, आई मागच्या सीटवर डोळे मिटून बसलेली. शेजारच्या रांगेत एक पांढरी स्विफ्ट येऊन थांबली आणि आमच्या चारही स्पीकरमधून एकदम ढोलकी कडाडली.

"अरे हे काय लावलंस?" आई दचकून म्हणाली.

मी फोन तिच्यापुढे धरला. त्यावर अभंगच चालू होता, कडवंही तेच. स्विफ्ट थोडी पुढे सरकली, अभंग परत आला. आम्ही पुढे सरकलो, ढोलकी. आई आता खिडकीतून त्या गाडीकडे संशयाने बघायला लागली. मी काच खाली केली, त्या मुलाला खूण केली, त्यानेही काच उतरवली.

"तुझं गाणं आमच्या गाडीत लागतंय."

"खरंच काका? ऐंशी रुपयाला घेतलाय." त्याच्या तोंडावर नुसता अभिमान. "पॉवर आहे पण त्याला!"

मग त्याने आकडा बदलला. आईने टोल देईपर्यंत डोळे मिटले नाहीत.

हे बोंडूक वापरणाऱ्यांना एक सांगणं. फोनचा आवाज पूर्णाच्या जरासा खाली ठेवा आणि कमी-जास्त डेकवर करा. बहुतेक जण उलट करतात. फोन हळू, डेक मोठ्याने. मग गाण्याबरोबर हवेतली सगळी खरखरही मोठी होते. शहर आलं की कुणाचं तरी केंद्र मधे घुसतं आणि जाहिरातवाला कानाशी येऊन ओरडतो.

माझ्या मेहुण्याची गाडी २०१० ची, तिच्यात पुढेच ऑक्सचं, म्हणजे बाहेरचं यंत्र वायरीने जोडायचं, छिद्र आहे. इथे सोंग नाही. जुन्या गाड्यांतली ही एकच प्रामाणिक जागा. ज्या पिनने आपण हे करतो तिचा आजोबा ६.३५ मिलिमीटरचा, एकोणिसाव्या शतकातल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर मंडळी एका छिद्रातून काढून दुसऱ्यात घालायची तो. तंत्रज्ञानात इतकं दीर्घायुष्य क्वचित कुणाला लाभतं. वायर लावा, गाणं सुरू. पण मेहुण्याच्या गाडीत फोन चार्जिंगला लावला की स्पीकरमधून बारीक शिट्टी यायची. ॲक्सिलरेटर दाबला की शिट्टी चढायची, सोडला की उतरायची. त्याला वाटलं स्पीकर गेले. एका दुकानदाराने ते बदलायचा सल्लाही दिला, अर्थातच.

स्पीकर बिचारे जे मिळेल ते वाजवत होते. गाडीचा अल्टरनेटर वीज तयार करतो तिच्यात एक बारीक थरथर असते आणि ती इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर बदलते. चार्जरची अर्थ, म्हणजे वीज परत जायची वायर, एका वाटेने गाडीच्या पत्र्याला पोहोचते, ऑक्सच्या वायरीची अर्थ डेकमधून दुसऱ्या वाटेने. फोन दोन्हीकडे जोडलेला, म्हणजे एक वळसा पुरा होतो. दोन वाटांमध्ये किंचित व्होल्टेजचा फरक पडतो, ती थरथर ऑक्सच्या वायरीत शिरते आणि डेक तिलाही गाणं समजून मोठं करतो. चार्जर काढला की क्षणात शांत. खात्री करायची ती अशी. उपाय म्हणजे ग्राउंड लूप आयसोलेटर नावाची आगपेटीपेक्षा लहान डबी, तीही तपकीर गल्लीतच मिळाली. आत दोन छोटे ट्रान्सफॉर्मर, डाव्या-उजव्या बाजूला एकेक. वायर वायरीला लागतच नाही, गाणं चुंबकत्वावरून पलीकडे जातं. पुन्हा नकली कॅसेटचीच युक्ती. मेहुण्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "म्हणजे तुझीच ती कॅसेट भारी, असंच ना?" मी हो म्हटलं.

पेनड्राइव्हच्या सोंगाबद्दल जास्त बोलायला हवं, कारण निम्मा महाराष्ट्र गाडीत गाणी अशीच ऐकत आला आहे. फोन यायच्या आणि गाण्यांची ॲप यायच्या मधे एक मोठा काळ गेला. त्या काळात प्रत्येक तालुक्याच्या एसटी स्टँडसमोर मोबाइलचं दुकान होतं आणि बाहेर पाटी होती: 'मेमरी कार्डमध्ये गाणी भरून मिळतील'. आत एक पोरगा कॉम्प्युटरसमोर. त्याला सांगायचं, जुनी मराठी टाक, भक्तिगीतं टाक, थोडं लग्नाचं टाक. १२८ केबीपीएसवर चार मिनिटांचं गाणं चार एमबीत बसतं, म्हणजे चार जीबीच्या पेनड्राइव्हवर हजार गाणी. पोरगा हजारच्या हजार टाकून द्यायचा, आपण काय मागितलं त्याच्याशी त्याचा संबंध नसायचा. हे सगळं चोरीचंच होतं, त्यात शंका नाही. पण आमच्या गावाकडे ऊसतोडणीच्या ट्रॅक्टरवर जे संगीत रात्रभर रस्त्याने फिरत असायचं, ते या पोरांनी निवडलेलं होतं. एका पिढीची आवड कुठल्याशा दुकानातल्या पोराच्या हार्ड डिस्कवर ठरली.

गाडीचा जुना डेक पेनड्राइव्ह वाचतो, पण त्याचे नियम कडक. फॉरमॅट, म्हणजे पेनड्राइव्हवर फाइली मांडायची पद्धत, फॅट३२ हवा. नव्या मोठ्या पेनड्राइव्ह बहुतेक एक्सफॅटवर येतात, त्या लावल्या की डेक 'नो फाइल' म्हणून मोकळा. गाणी अक्षरांच्या क्रमाने वाजत नाहीत, ज्या क्रमाने कॉपी झाली त्या क्रमाने वाजतात. म्हणून एखाद्याच्या गाडीत सनई संपता संपता 'ओ शेठ' छापाचं काहीतरी सुरू होतं. आणि नाव देवनागरीत असेल तर पडद्यावर नुसते चौकोन, नाहीतर प्रश्नचिन्हांची रांग. माझ्या काकांनी आपल्या सगळ्या फाइलींची नावं हौसेने मराठीत करून घेतली होती. गाडीत लावल्यावर ओळीने प्रश्नचिन्हं सरकायला लागली. काकांनी मग क्रमांक पाठ केले. "एकशे चौतीस लाव," म्हणायचे, आणि ते बरोबर नाट्यगीत असायचं.

मग फोनच वायरीने यूएसबीत लावला तर? जुन्या डेकला यूएसबी म्हणजे पेनड्राइव्ह, दुसरं काही माहीत नाही. सुरुवातीचे अँड्रॉइड फोन तसं सोंग घेऊ शकायचे. पुढे अँड्रॉइडने फाइली देण्याची पद्धत बदलली, एमटीपी आणली, आणि हे सोंग संपलं. आता फोन लावला तर तो निमूट चार्ज होतो आणि डेक निमूट 'नो डिव्हाइस' दाखवतो. दोघांत बोलाचाल नाही.

ब्लूटूथबद्दल थोडक्यात. साधारण २०१० च्या आसपासच्या कित्येक गाड्यांत ब्लूटूथ असतं पण त्यातून फक्त फोनवरचं बोलणं येतं, गाणं येत नाही, कारण गाण्यासाठी वेगळी व्यवस्था लागते आणि ती त्या डेकमध्ये घातलेलीच नसते. विक्रेता मात्र 'ब्लूटूथ आहे साहेब' एवढंच सांगतो. जिथे गाणं येतं तिथे नकाशा मधे बोलतो. तान उतरत समेवर येतेय, आपण स्टिअरिंगवर बोट उचललंय, आणि गाणं दबून एक बाई म्हणते, तीनशे मीटरनंतर डावीकडे वळा. सम गेली. वळणही गेलं. माझं मत विचाराल तर हवेपेक्षा वायर बरी. ती मधे बोलत नाही.

आमच्या वॅगन आरमधली कॅसेटची वाट मध्यंतरी बंद पडली. नकली कॅसेट आत जायची, पण चाकं फिरायची नाहीत, आणि डेक ती लगेच बाहेर काढायचा. मी गाडी घेऊन ज्यांच्याकडे आमचं वायरिंगचं काम कायम असतं त्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. साठीचे गृहस्थ, चष्मा कपाळावर. त्यांनी पत्र्याच्या दोन पट्ट्या डेकच्या दोन्ही बाजूंनी आत सारल्या, खट् करून पकड सुटली आणि डेक हातात आला. मागे वायरींची सगळी रंगपंचमी. पिवळी कायम बॅटरीला, म्हणून घड्याळ आणि स्टेशनं लक्षात राहतात. लाल चावी फिरवल्यावर. काळी अर्थ. पांढरी आणि करडी पुढच्या स्पीकरची, हिरवी आणि जांभळी मागच्या. "ही पिवळी अन् लाल एकत्र बांधतात काही लोक," ते म्हणाले. "मग गिऱ्हाईक महिन्याला बॅटरी बदलत बसतं."

वरचं झाकण काढलं. आतला रबरी पट्टा मोटारीच्या पुलीला काळ्या चिकट लगद्यासारखा लागलेला. त्यांनी बोट लावून बघितलं. "बेल्टचा गूळ झालाय. होतोच वीस वर्षांत."

पट्टा बदलता बदलता त्यांनी डेकच्या पुढच्या पाटीकडे बोट दाखवलं. तिथे ठळक छापलंय, ५२ वॅट गुणिले ४. "एवढा येतो का आवाज?" म्हणाले आणि हसले. मी तिथेच फोनवर हिशेब केला. इंजिन चालू असताना गाडीत फार तर १४.४ व्होल्ट. स्पीकर ४ ओहमचा. १४.४ चा वर्ग भागिले ४, उत्तर ५१.८४. तेच हे ५२. पण ते केव्हा, तर आवाजाची लाट पार फाटून चौकोनी झालेली असताना. स्वच्छ स्वर हवा असेल तर त्याच्या निम्मेही हाती लागत नाहीत. म्हणजे पाटी खोटं बोलत नाही, फक्त आपण ज्याला गाणं म्हणतो त्याबद्दल ती बोलत नाही.

"एक सुचवू का?" ते म्हणाले. "ती वायरवाली कॅसेट किती दिवस चालवणार? चाकं झिजतात. इथे हेडपासून सिग्नल येतो, तो छोट्या ॲम्पमधून मोठा होऊन पुढे जातो. ही जागा तोडतो, आणि तुमची ऑक्सची वायर इथेच सोल्डर करतो. आवाज बघा मग."

"मग डेकला कळणार कसं, की गाणं टेपचं आहे?"

"नाही कळणार. आत खरी कॅसेट घालायची. ती फिरत राहील, टेप चालू आहे असं डेक समजेल. कॅसेटचं काहीच ऐकू येणार नाही. येणार ते तुमच्या फोनचं."

मी करा म्हटलं. तीन वायरी, डावी, उजवी, अर्थ. अर्ध्या तासाचं काम. वायर त्यांनी ग्लव्ह बॉक्सच्या मागून फिरवून हँडब्रेकपाशी बाहेर काढली.

राहिला प्रश्न आत कुठली कॅसेट घालायची याचा. घरी खोकी उघडली आणि बाबा शेजारी येऊन बसले. ही नको, ही रेडिओवरून भरून घेतलेली आहे. ही तर अजिबात नको. ही तुझ्या मुंजीची. कुठलीही दिली तरी ती न ऐकता झिजणार, हे त्यांना मंजूर नव्हतं. बराच वेळ शोधाशोध करून त्यांनी खोक्याच्या तळातून एक काढली. इंग्रजी संभाषण शिकवणारी. मी अकरावीत असताना त्यांनी माझ्यासाठी आणली होती. तिचं वरचं प्लास्टिक अर्धवटच फाडलेलं.

"ही चालेल," बाबा म्हणाले. "हिला सवय आहे."

तेव्हापासून आमच्या गाडीत ती फिरते. डेक ऑटो रिव्हर्सचा आहे म्हणून दर अर्ध्या तासाने खट् होतं, एक क्षण आवाज जातो आणि परत येतो. राग अखंड ऐकण्याची सोय होती ती गेली, पण स्वर आता लख्ख येतात. वरचा षड्जही फाटत नाही.

एवढं झाल्यावर मुलीने नवा फोन घेतला, त्याला ही पिन लावायचा जॅकच नाही. २०१६ मध्ये ॲपलने जॅक काढला तेव्हा बाकीच्या कंपन्यांनी जाहिरातीत टिंगल केली आणि मग एकामागून एक त्यांनीही काढला. आता मधे टाइप-सीचा एक तुकडा लावावा लागतो, आणि त्यातही दोन जाती. काही फोन त्या भोकातून तयार आवाज देतात, त्यांना साधा तुकडा चालतो. बाकीचे नुसते आकडे देतात, मग तुकड्यातच आकड्यांचा आवाज करणारी चिप लागते. दिसायला दोन्ही सारखे, पाकिटावर लिहिलेलं नसतं, दुकानदारही सांगू शकत नाही. फोन दुकानातच लावून बघायचा. मुलीच्या फोनला चालणारा चिपवाला अखेर मिळाला आणि मी एकदम दोन घेतले. एक घरात आहे. गाडीतला परवापर्यंत हँडब्रेकपाशीच होता, आता सीटखाली शोधायला हवा.